वंशाचा रकाना कोण भरतो?

१९३० च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत खानेसुमारी चालू होती. मोठाले तक्ते घेऊन प्रगणक कॅलिफोर्नियाच्या शेतवस्त्यांत घरोघर फिरत होते. नाव, वय, घर मालकीचं की भाड्याचं, घरात रेडिओ आहे का, असे बरेच प्रश्न होते. त्यांच्यामध्येच 'रंग किंवा वंश' असा एक अरुंद रकाना होता. या वस्त्यांत पंजाबातून आलेले शेतकरी राहत. बरेचसे शीख, काही मुसलमान, हिंदू अगदी थोडे. पण माणूस गुरुद्वारात जाणारा असो की नमाज पढणारा, त्या रकान्यात त्याच्यापुढे एकच नोंद ठरलेली होती: हिंदू. तीही धर्म म्हणून नव्हे, वंश म्हणून.

ही नोंद १९२०, १९३० आणि १९४० अशा तीन खानेसुमाऱ्यांत राहिली. १९७० च्या खानेसुमारीत हिंदुस्थानी माणसाची गणना गोऱ्यांमध्ये झाली. १९८० मध्ये त्याच्यासाठी 'एशियन इंडियन' असा नवा पर्याय आला, तोही तिथल्या भारतीय संघटनांनी पाठपुरावा केल्यावर. एखादा शेतकरी या साठ वर्षांत त्याच गावात, त्याच घरात राहिला असेल, तर सरकारी कागदावर त्याचा वंश निदान दोनदा बदलला. त्याची कातडी तीच होती, आईबापही तेच होते.

अमेरिकेतला वंशवाद समजून घ्यायला मला हा रकाना फार मोलाचा वाटतो. १७९० पासून दर दहा वर्षांनी तो भरला गेला आणि जवळजवळ दर वेळी त्यातल्या नोंदी बदलल्या. जी गोष्ट निसर्गाने ठरवली आहे असं लोक मानत आले, ती दर दशकात छापखान्यात नव्याने ठरत होती. तरीही त्या नोंदीवर माणसांचं स्वातंत्र्य, नागरिकत्व, घर आणि नोकरी अवलंबून होती. या इतिहासाकडे बघताना एक प्रश्न धरून ठेवावा: रकाना भरतंय कोण? समोरचा माणूस, की त्याच्याकडे बघणारा?

सुरुवात जागावाटपाच्या हिशेबातून

अमेरिकेची पहिली खानेसुमारी १७९० ची. त्यात पाच गट मोजले: सोळा वर्षांवरील स्वतंत्र गोरे पुरुष, त्याखालील गोरे मुलगे, गोऱ्या स्त्रिया, इतर सर्व स्वतंत्र माणसं आणि गुलाम. एकूण आकडा सुमारे ३९ लाख. त्यात गुलाम जवळजवळ ७ लाख.

ही विभागणी कुतूहलापोटी झाली नव्हती. कोणत्या राज्याला संसदेत किती जागा मिळणार, हे लोकसंख्येवर ठरणार होतं. दक्षिणेकडच्या राज्यांना आपले गुलाम त्या हिशेबात धरून हवे होते, पण त्यांना मताचा अधिकार द्यायचा नव्हता. राज्यघटनेने तोडगा काढला: गुलामांच्या संख्येचा तीनपंचमांश भाग मोजायचा. म्हणजे कोण गोरा, कोण स्वतंत्र आणि कोण गुलाम हे ठरल्याखेरीज देशाची संसदच भरत नव्हती.

वंश आणि गुलामी यांची गाठ त्याहून जुनी. व्हर्जिनिया वसाहतीने १६६२ मध्ये कायदा केला की मूल स्वतंत्र की गुलाम हे आईवरून ठरेल. इंग्लंडच्या परंपरेत मुलाची ओळख बापावरून ठरत असे. ती इथे उलटी केली, आणि गोऱ्या मालकापासून गुलाम स्त्रीला झालेलं मूल जन्मतःच त्याच मालकाची मालमत्ता ठरू लागलं. माणसांमधला भेद आधी होता आणि कायदा नंतर आला, असा आपला समज असतो. इथे कायदा करून भेद पक्का केला गेला.

१८५० आणि १८६० मध्ये गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. त्यातलं एक पान बघितलं तरी पोटात कालवतं. डावीकडे मालकाचं नाव. त्याखाली ओळीने आकडे: एक, दोन, तीन. प्रत्येक आकड्यापुढे वय, स्त्री की पुरुष आणि रंग. नावाचा रकानाच नाही. १८६० मध्ये गुलामांची संख्या ३९ लाखांच्या पुढे होती आणि त्यातले बहुतेक सगळे असे आकड्यांच्या रूपात कागदावर उतरले आहेत. गुलामगिरी संपल्यावर १८७० मध्ये प्रथमच ही माणसं आपापल्या नावानिशी नोंदली गेली. आज कृष्णवर्णीय अमेरिकन कुटुंबं आपल्या पूर्वजांचा शोध घेत मागे जातात तेव्हा बहुधा १८७० पाशी येऊन अडतात. वंशावळीचे अभ्यासक त्याला '१८७० ची भिंत' म्हणतात. त्यापलीकडे खापरपणजी आहे, पण ती कोणत्या आकड्यात आहे ते सांगायला कोणी नाही.

याच काळात इकडे पुण्यात एक माणूस अमेरिकेकडे टक लावून बघत होता. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं आणि ते गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं. तिथल्या वर्णभेदात आणि इथल्या जातिभेदात एकच यंत्र चालतं हे त्यांनी कधीच ओळखलं होतं. एक माणूस दुसऱ्याची जागा ठरवतो आणि ती जागा देवाने किंवा निसर्गाने ठरवली आहे असं सांगतो, हे ते यंत्र.

डोळ्यांना न दिसणारा वंश

गुलामगिरी गेली, रकाना राहिला. किंबहुना अधिक बारीक झाला. १८९० च्या खानेसुमारीत प्रगणकांना सांगितलं होतं की माणसात 'काळं रक्त' किती आहे तेही लिहा. निम्मं असेल तर एक शब्द, पाव असेल तर दुसरा, आठवा हिस्सा असेल तर तिसरा. दारात उभं राहून समोरच्याची पणजी कोण होती हे ओळखायचं! ते जमणार कसं? ते आकडे फारसे उपयोगाचे नाहीत हे पुढे जनगणना खात्याच्याही लक्षात आलं आणि तो प्रयोग पुन्हा झाला नाही.

ही ओळख डोळ्यांनी पटत नाही याचा पुरावा दोनच वर्षांनी मिळाला. ७ जून १८९२ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये होमर प्लेसी नावाचा तरुण आगगाडीच्या गोऱ्यांसाठी राखीव डब्यात जाऊन बसला. त्याच्या आठ पणजोबा-पणज्यांपैकी एकच आफ्रिकन वंशाची होती आणि दिसायला तो गोराच होता. वेगळ्या डब्यांच्या कायद्याला आव्हान देण्यासाठी तिथल्या नागरिकांच्या समितीने आखलेलं हे पाऊल होतं. पण अटक व्हायची तर आधी आपण कृष्णवर्णीय आहोत हे प्लेसीला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागलं. न सांगता तो आरामात शेवटच्या स्टेशनापर्यंत गेला असता. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८९६ मध्ये प्लेसी हरला. 'वेगळे पण समान' या नावाखाली शाळा, दवाखाने, पाण्याचे नळ आणि स्मशानंसुद्धा वेगळी ठेवायला कायद्याचा आधार मिळाला. शाळांपुरता तो १९५४ मध्ये याच न्यायालयाच्या ब्राउन खटल्यातल्या निकालाने काढून घेतला.

१९३० च्या प्रगणकांना दिलेल्या सूचना वाचल्या तर या यंत्राचं आतलं चक्र दिसतं. गोऱ्या आणि काळ्या रक्ताची सरमिसळ असेल तर काळ्या रक्ताचं प्रमाण कितीही कमी असो, 'निग्रो' लिहायचं. गोऱ्या आणि मूळनिवासी रक्ताची सरमिसळ असेल, मूळनिवासी अंश फार थोडा असेल किंवा गावात त्या माणसाला गोरा मानत असतील, तर मात्र 'गोरा' चालेल. दोन्हीकडे सरमिसळच, पण नियम दोन. वंश ही रक्तात मोजता येणारी वस्तू असती तर नियम एकच असता. नियम दोन आहेत, कारण गोरेपणाच्या दाराशी कोणाला किती कडक अडवायचं हे त्यातून ठरत होतं.

त्याच वर्षी 'मेक्सिकन' हा वंश प्रथमच अवतरला. मेक्सिकोच्या सरकारने आणि अमेरिकेतल्या मेक्सिकन लोकांनी निषेध केला आणि १९४० मध्ये तो वंश कागदावरून नाहीसा झाला. दहा वर्षं आयुष्य लाभलेला वंश!

विज्ञानाचा निर्वाळा पुढे आला. रिचर्ड लेवाँटिन या जनुकशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये दाखवलं की माणसामाणसांतला सुमारे ८५ टक्के जनुकीय फरक एकाच लोकसमूहातल्या व्यक्तींमध्ये आढळतो. ज्यांना आपण वंश म्हणतो त्यांच्या-त्यांच्यातला फरक त्यापुढे अगदी थोडा आहे.

'गोरा' ठरवणारं न्यायालय

१७९० च्या कायद्याने बाहेरून आलेल्यांपैकी फक्त 'स्वतंत्र गोऱ्या' माणसाला नागरिक होण्याची मुभा दिली होती. १८७० मध्ये त्यात आफ्रिकन वंशाच्या माणसांची भर पडली. उरलेल्या जगाचं काय? अर्मेनियातून, सीरियातून, जपानमधून, हिंदुस्थानातून आलेली माणसं एकामागून एक कोर्टात उभी राहिली आणि 'मी गोरा आहे' हे सिद्ध करू लागली.

यात मुंबईचे एक पारशी गृहस्थही होते, भिकाजी फ्रामजी बलसारा. १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने पारशी गोरे आहेत असं मानून त्यांचं नागरिकत्व कायम केलं. १९१५ मध्ये सीरियातून आलेल्या जॉर्ज डाऊ यांनाही अपील न्यायालयाने गोरं ठरवलं.

मग आले दोन खटले, तीन महिन्यांच्या अंतराने, सर्वोच्च न्यायालयात, एकाच न्यायमूर्तींच्या लेखणीतून. ताकाओ ओझावा जपानमध्ये जन्मले, बर्कलीला शिकले, वीस वर्षं अमेरिकेत राहिले. आपली कातडी कित्येक गोऱ्यांपेक्षा उजळ आहे हे त्यांनी मांडलं. नोव्हेंबर १९२२ मध्ये न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी निकाल दिला: प्रश्न कातडीच्या उजळपणाचा नाही. गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि जपानी माणूस तसा नाही.

भगतसिंग थिंड अमृतसर भागातले. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात राहिलेले, फेटा बांधून. त्या काळच्या मानववंशशास्त्राच्या पुस्तकांत उत्तर हिंदुस्थानातल्या लोकांना कॉकेशियनच म्हटलेलं होतं. मग ओझावांच्या निकालातली कसोटी थिंडना सरळ लागू व्हायला हवी होती. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी सदरलँड यांनी कसोटीच बदलली: शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. हे न्यायमूर्ती स्वतः इंग्लंडात जन्मलेले आणि तान्हेपणी अमेरिकेत आलेले. आपण गोरे आहोत हे त्यांना कधीच सिद्ध करावं लागलं नाही.

निकालाचा घाव मोठा होता. ज्या भारतीयांना आधी नागरिकत्व मिळालं होतं त्यांच्याकडून ते काढून घेण्याचे खटले सुरू झाले. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने नागरिक होऊ न शकणाऱ्यांना शेतजमीन घ्यायला बंदी होती, त्यामुळे जमिनीही हातच्या गेल्या.

वैष्णो दास बगाई पत्नी कला आणि तीन मुलांसह १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला आले होते. बर्कलीत त्यांनी घर घेतलं. सामान घेऊन राहायला गेले, तर शेजाऱ्यांनी घर कुलूपबंद करून ठेवलेलं. सामान तसंच परत फिरवावं लागलं. १९२१ मध्ये ते नागरिक झाले, त्यांनी दुकान काढलं. थिंड निकालानंतर नागरिकत्व गेलं. पुढे मायदेशी जाऊन यायला अमेरिकन पासपोर्ट मागितला, तोही नाकारला गेला. १९२८ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. मागे ठेवलेल्या पत्रात त्यांनी विचारलं होतं की आपण या देशाचे होण्यासाठी सगळं केलं, मग आता आपण आहोत तरी कोण. कलाबाईंनी मुलं वाढवली आणि पुढे कायदा बदलल्यावर त्या स्वतः अमेरिकन नागरिक झाल्या. बर्कलीतल्या एका रस्त्याला आज त्यांचं नाव आहे.

थिंड यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. मराठी कानांना ओळखीचं वाटावं असं हे नाव. त्यांचंही नागरिकत्व रद्द करायला सरकार उठलं, तेव्हा त्यांनी स्वतःचा खटला लढवला. इतकी वर्षं नागरिक म्हणून जगू दिलंत, त्या भरवशावर मी वकिली केली, संसार उभा केला, आता मागे फिरता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२६ मध्ये ते जिंकले. तरी हिंदुस्थानी लोकांसाठी नागरिकत्वाचं दार उघडायला १९४६ उजाडावं लागलं, आणि वंशाची अट सर्वांसाठी पूर्ण जायला १९५२.

नकाशातले लाल भाग

मंदीच्या काळात अमेरिकी सरकारने बुडणाऱ्या घरकर्जांना आधार देण्यासाठी एक महामंडळ काढलं. १९३५ ते १९४० या काळात त्याने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले. हिरवा भाग उत्तम, निळा बरा, पिवळा उतरणीला लागलेला, लाल धोक्याचा. प्रत्येक भागाचं वर्णन भरायचा एक छापील फॉर्म होता. त्यात इमारतींचं वय, भाडं यांच्या जोडीला परदेशी जन्मलेले किती आणि निग्रो किती, असे रकाने होते. कोणत्या लोकांचा 'शिरकाव' होतो आहे, हेही लिहायचं होतं. कृष्णवर्णीय वस्ती असलेला भाग बहुधा लाल व्हायचा, मग तिथली घरं कितीही नीटनेटकी असोत. घरकर्जाला सरकारी हमी देणाऱ्या खात्याचे नियमही याच समजुतीवर उभे होते.

महायुद्धानंतर अमेरिकन मध्यमवर्ग घरांच्या मालकीवर उभा राहिला. घराची किंमत वाढली, ते गहाण टाकून मुलं कॉलेजात गेली, घर पुढच्या पिढीला मिळालं. कृष्णवर्णीय कुटुंबांना त्या शिडीची पहिली पायरीच चढू दिली नव्हती. घरांबाबतचा भेदभाव बेकायदा ठरला १९६८ मध्ये. पण संपत्ती दरवर्षी साठत जाते आणि वारशाने पुढे जाते, तशी तिची उणीवही पुढे जाते. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत मधल्या गोऱ्या कुटुंबाची संपत्ती सुमारे २ लाख ८५ हजार डॉलर होती, मधल्या कृष्णवर्णीय कुटुंबाची ४५ हजारांच्या आसपास. आता कायद्यात भेद नाही, मग वंशवाद आहेच कुठे, असं विचारणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत. कोणाच्या मनात द्वेष नसतानाही चालू राहणारा वंशवाद तो हाच.

मनातला रकाना

प्रगणक दारात उभा राहून जे करायचा तेच आपलं मन दिवसभर करत असतं. नाव ऐकलं, चेहरा बघितला, उच्चार कानावर पडला की नोंद झाली. ठोकळेबाज समज म्हणतात ते हेच: समोरच्याने तोंड उघडण्याआधी त्याचा रकाना आपण भरून टाकणं.

अर्थशास्त्रज्ञ मारियान बर्ट्रांड आणि सेंथिल मुल्लैनाथन यांनी याची नेटकी परीक्षा घेतली. बॉस्टन आणि शिकागोच्या वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिरातींना त्यांनी सुमारे पाच हजार काल्पनिक अर्ज पाठवले. शिक्षण, अनुभव सारख्याच तोलाचे, फक्त नावं वेगळी. काहींवर एमिली, ग्रेग अशी गोऱ्यांमध्ये आढळणारी, काहींवर लकीशा, जमाल अशी कृष्णवर्णीयांमध्ये आढळणारी. २००४ मध्ये निष्कर्ष छापून आले. गोऱ्या वाटणाऱ्या नावाला दहा अर्जांमागे एक बोलावणं येत होतं, दुसऱ्या नावाला पंधरा अर्जांमागे एक. ते अर्ज चाळणाऱ्यांपैकी कितीजणांना आपण असा भेद केला हे कळलंही नसेल.

ठोकळा स्तुतीचा असला तरी ठोकळाच असतो. अमेरिकेतल्या भारतीयांना 'आदर्श अल्पसंख्य' म्हटलं जातं: हुशार, कष्टाळू, गणितात पक्के. आपल्याला ते ऐकायला गोड वाटतं. पण १९६५ च्या स्थलांतर कायद्याने ज्या वाटा उघडल्या त्यांपैकी एक शिकलेल्या कुशल माणसांसाठी होती. भारतातून आलेल्या पहिल्या मोठ्या लाटेत डॉक्टर, इंजिनियर, शास्त्रज्ञ यांचा भरणा होता, कारण कायद्याने त्यांनाच निवडून घेतलं होतं. आधी चाळण लावायची आणि मग चाळणीतून आलेल्यांच्या यशाचं श्रेय वंशाला द्यायचं, हा उफराटा न्याय झाला. त्याचा दुसरा वार कृष्णवर्णीयांवर बसतो: 'बघा, यांना जमलं, तुम्हाला का नाही?' आणि अभ्यासात मागे पडलेल्या भारतीय मुलाला मदत मागायचीही लाज वाटू लागते.

तिथे जन्मलेल्या आपल्या मुलांना एक प्रश्न वारंवार भेटतो. 'तू कुठली?' 'न्यू जर्सीची.' 'तसं नव्हे, मूळची कुठली?' विचारणारा बहुधा आपुलकीनेच विचारतो. पण त्या मुलीचं न्यू जर्सी हे उत्तर खरं असूनही पुरेसं धरलं जात नाही. अशा लहान लहान टोचण्यांसाठी हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ चेस्टर पिअर्स यांनी १९७० मध्ये 'मायक्रोअग्रेशन' ही संज्ञा आणली. एक टोचणी कोणी मनावर घेत नाही. रोजच्या दहा टोचण्या वर्षानुवर्षं सोसणं वेगळं.

रकाना ज्याचा त्याच्या हाती

१९६० पासून खानेसुमारीचे फॉर्म टपालाने घरी जाऊ लागले आणि १९७० पर्यंत बहुतेक घरांत हीच पद्धत आली. एका प्रशासकीय सोयीमुळे एक मोठी गोष्ट घडली: वंशाचा रकाना माणूस स्वतः भरू लागला. २००० मध्ये एकाहून अधिक वंशांवर खूण करायची मुभा मिळाली. आई एका वंशाची, वडील दुसऱ्या, अशा मुलांना दोघांपैकी एकाला पुसून टाकावं लागेनासं झालं. २०२० मध्ये अशा खुणा करणारे ३ कोटी ३८ लाख होते. मोजणीची पद्धत बदलल्याचा वाटा त्यात आहे, पण इतक्या जणांनी आपली सरमिसळ मोकळेपणाने मांडली हेही खरं.

सन्मानाच्या भाषेचा प्रश्न इथेच उलगडतो. कोणता शब्द चालतो, कोणता चालत नाही, दर पिढीत शब्द का बदलतात, याने पुष्कळ लोक वैतागतात. पण त्या बदलांमागे कोण होतं ते बघा. 'निग्रो' शब्दाचं पहिलं अक्षर इंग्रजीत मोठं लिहावं यासाठी कृष्णवर्णीय विचारवंत आणि संपादक डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. १९३० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ते मान्य केलं. १९६० च्या दशकातल्या तरुणांनी तो शब्द टाकला आणि ज्या 'ब्लॅक' शब्दाने हिणवलं जाई तोच अभिमानाने उचलला. १९८८ मध्ये नागरी हक्क चळवळीतले नेते जेसी जॅक्सन यांनी 'आफ्रिकन अमेरिकन'चा पुरस्कार केला. २०२० मध्ये पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने 'ब्लॅक'चं पहिलं अक्षर मोठं केलं. प्रत्येक बदल त्या समाजातून उठला होता. गंमत म्हणजे २०१० च्या फॉर्मवर 'निग्रो' हा शब्द अजून होता, कारण काही वयस्कर माणसं स्वतःला त्याच नावाने ओळखत. २०२० मध्ये तो गेला. मूळनिवासी लोकांपैकी अनेकांना कोणत्याही सरसकट नावापेक्षा आपल्या जमातीचं नाव प्रिय असतं. ज्यांना जग नवाहो म्हणतं ते स्वतःला दिने म्हणवतात.

नाव बदललं की सगळं बदलतं का? १९२८ मध्ये एका शाळकरी मुलाने डुबॉइसना हाच प्रश्न केला होता. 'क्रायसिस' मासिकातून त्यांनी त्याला मनापासून उत्तर दिलं: नाव उद्या बदललं तरी अपमान करणारा नव्या नावानेही अपमान करील, लढाई वस्तुस्थितीशी आहे. मोठ्या अक्षरासाठी झगडणारा माणूसच हे म्हणत होता. शब्दाची लढाई आणि वस्तुस्थितीची लढाई त्यांनी बरोबरीने लढली.

आंबेडकरांनी १९४६ मध्ये याच डुबॉइसना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची आणि इथल्या अस्पृश्यांची स्थिती किती सारखी आहे हे सांगून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. डुबॉइसनी सहानुभूतीने उत्तरही दिलं. पुढे १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ओकलंडच्या ब्लॅक पँथरपासून स्फूर्ती घेऊन. इतरांनी दिलेलं 'हरिजन' हे नाव नाकारून स्वतः निवडलेल्या 'दलित' या नावाखाली तरुण एकत्र आले. नाव ठेवण्याचा हक्क कोणाचा, हे आपल्याला अमेरिकेकडून शिकायची गरज नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअॅटलने जातिभेदावर बंदी घातली, अमेरिकेतलं असं पहिलं शहर. तो ठराव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या. आपल्याबरोबर आपले रकानेही समुद्रापार जातात, याची ती कबुली होती.

म्हणूनच घरातल्या मराठी बोलण्याकडे लक्ष द्यायला हवं. 'त्या भागात काळे फार आहेत, तिथे घर नको' हे वाक्य मराठीत असल्यामुळे निरुपद्रवी होत नाही. ते १९३० च्या दशकातल्या त्या लाल नकाशाचंच भाषांतर आहे आणि ते मुलं ऐकत असतात. माणसाचा वंश सांगायची गरज नसेल तर सांगू नये. गरज असेल तर 'कृष्णवर्णीय' म्हणावं. मेक्सिकोचा असो की होंडुरासचा, सगळ्यांना 'मेक्सिकन', आणि कोरियन, व्हिएतनामी सगळ्यांना 'चायनीज' म्हणणं म्हणजे शिखापुढे 'हिंदू' लिहिणं. समोरच्याचं नाव नीट उच्चारता येत नसेल तर पुन्हा विचारावं. चुकलं आणि त्याने सांगितलं, तर लांबलचक खुलासे न देता सुधारावं.

वंश माणसाने बनवला असेल तर तो रकानाच पुसून का टाकू नये? कारण आज भेदभाव पकडायचं साधनही तोच आहे. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा राबवायचा तर कोणाला नोकरी नाकारली, कोणाचं मत दडपलं हे मोजावं लागतं. मोजायला नोंद लागते. आणि आता या इतिहासातलं सर्वांत विलक्षण वळण: मार्च २०२४ मध्ये सरकारने आपल्या फॉर्मांसाठी 'मध्यपूर्व किंवा उत्तर आफ्रिका' असा नवा पर्याय ठरवला. तो अरब-अमेरिकनांनी अनेक वर्षं मागितला होता. जॉर्ज डाऊ यांनी १९१५ मध्ये 'आम्हाला गोरं म्हणा' म्हणून खटला लढवला, आणि शंभर वर्षांनी त्याच भूमीतून आलेल्यांचे वंशज म्हणत होते की आम्हाला गोऱ्यांत मिसळू नका, त्यामुळे आमच्यावरचा अन्याय दिसेनासा होतो. दोन्ही मागण्या रास्त होत्या. पहिली होती नागरिक होण्यासाठी, दुसरी आपल्या नावाने मोजलं जाण्यासाठी.

रकाना माणसांनी आखला, म्हणून माणसांना तो बदलता आला. तो बदलणाऱ्यांत ओझावा होते, पंडित होते, कलाबाई होत्या, मोठ्या अक्षरासाठी झगडणारे संपादक होते. कोणाचंही नाव त्याला विचारून घ्यावं, आणि ते नाव घेताना त्याला घर, शाळा, नोकरी समान मिळते आहे की नाही तेही विचारावं. पहिला प्रश्न सभ्यतेचा आहे, दुसरा न्यायाचा, आणि दुसऱ्याशिवाय पहिला अपुरा आहे.